इंजिनाची बैठक

आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीपुढे यंदा एक स्तुत्य सूचना आली आहे. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांसाठी रेडिओनियंत्रित विमानांचा वर्ग सुरू करावा आणि त्यासाठी उडविण्यास अगदी तयार अशी सहा विमाने विकत घ्यावीत, अशी ती सूचना होय. गणेशोत्सवातील नाटुकले आणि दिवाळीचा फराळ यांपलीकडे मुलांना मंडळाकडे ओढून आणील असे काही तरी हवे, ही तळमळ या सूचनेमागे आहे आणि तिच्याशी मी पूर्णपणे सहमत आहे. माझा मतभेद आहे तो केवळ ‘अगदी तयार’ या दोन शब्दांपुरता. सभेत हा विषय निघाला तेव्हा वेळ थोडा होता व बोलणारे फार होते. यास्तव स्मरणिकेच्या संपादकांनी देऊ केलेल्या पानांचा लाभ घेऊन माझे म्हणणे येथे सविस्तर मांडीत आहे.

ते म्हणणे थोडक्यात असे. विमान विकत आणले तरी चालेल, त्याचे पंख व शेपूट कारखान्यातून तयार होऊन आले तरी चालेल. परंतु त्याच्या नाकावर इंजिन बसविण्याचे काम मुलाने एकदा तरी स्वतःच्या हातांनी केल्याखेरीज त्याच्या हाती नियंत्रक देऊ नये. हे वाचून कित्येकांना हसू येईल. एवढ्या मोठ्या विमानविद्येत चार बोल्ट आवळण्याचे ते काय महत्त्व, असा प्रश्न ते विचारतील. त्याचेच उत्तर द्यावयाचे आहे.

मराठीत ‘बैठक’ हा मोठा अर्थवाही शब्द आहे. गवयाची बैठक रंगते, विचारालाही बैठक असावी लागते, आणि यंत्रशाळेत एका भागावर दुसरा भाग न डुगडुगता टेकला म्हणजे त्याची बैठक जमली असे म्हणतात. नवशिक्याच्या विमानावर पुष्कळदा ज्याला ‘चाळीसचे’ इंजिन म्हणतात ते असते. म्हणजे सुमारे साडेसहा घन सेंटिमीटर क्षमतेचे, मिथेनॉल, तेल व थोडे नायट्रोमिथेन यांच्या मिश्रणावर चालणारे टू-स्ट्रोक इंजिन. ते मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेते. दहा मिनिटांच्या उड्डाणात त्याचा पिस्टन लाखाहून अधिक वेळा वर-खाली होतो आणि प्रत्येक वेळी आपल्या बैठकीला एक हादरा देऊन जातो. पंख्याची ओढ फार तर दोन-अडीच किलोंची. ती लाकूड सहज सोसते. लाकडाचा जीव घेतात ते हे लाखो हादरे.

आता ही बैठक कशी असते ते पाहू. विमानाच्या धडाच्या पुढच्या टोकाला प्लायवुडची एक जाड फळी उभी बसविलेली असते. तिला फायरवॉल असे नाव आहे. बर्चच्या लाकडाच्या अनेक थरांची, सुमारे सहा मिलिमीटर जाडीची ही फळी म्हणजे यंत्र आणि विमान यांच्यामधील एकुलता एक दुवा. तिच्यावर काचतंतुमिश्रित नायलॉनचा किंवा ॲल्युमिनियमचा माउंट बोल्टांनी आवळतात. माउंटला पुढे आलेले दोन समांतर बाहू असतात. त्यांवर इंजिनाचे दोन्ही बाजूंचे कान टेकवावयाचे आणि चार बोल्टांनी ते पक्के करावयाचे. वर्णन चार ओळींत संपले. काम मात्र दोन-तीन संध्याकाळी पुरते, आणि त्या संध्याकाळी मूल जे शिकते ते अन्यत्र क्वचितच शिकते.

प्रथम ते सपाटी शिकते. माउंटचे दोन बाहू एकाच पातळीत नसतील तर बोल्ट आवळताना इंजिनाचे कवच किंचित पिळवटते. सुटे असताना हाताने मोकळे फिरणारे इंजिन आवळल्यावर जड फिरू लागते. अनाडी माणूस इंजिनाला दोष देतो. जाणता माणूस बोल्ट सैल करून पाहतो व कानस हाती घेतो.

मग ते कोन शिकते. इंजिन अगदी सरळ समोर रोखलेले असावे, असे कोणासही वाटेल. परंतु वैमानिकाच्या बाजूने पाहता पंखा घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो, त्याने मागे फेकलेली हवा धडाभोवती वेटोळे घेत जाते आणि उभ्या शेपटाच्या डाव्या अंगावर आदळते. त्यामुळे विमानाचे नाक डावीकडे वळू पाहते. म्हणून इंजिनाचा अक्ष दोन-तीन अंश उजवीकडे झुकवितात. त्याचप्रमाणे पंख धडाच्या वर बसविलेल्या शिकाऊ विमानात वेग वाढविताच नाक वर उचलले जाते. म्हणून तोच अक्ष दोन-तीन अंश खालीही झुकवितात. वरच्या व खालच्या बोल्टांमध्ये चाळीस मिलिमीटर अंतर असेल, तर माउंट आणि फळी यांच्यामध्ये वरच्या दोन बोल्टांवर सुमारे दीड मिलिमीटर जाडीचे वॉशर घातले की दोन अंशांचा झुकाव मिळतो. शाळेत ज्या मुलाला त्रिकोणमिती रुक्ष वाटते, त्याला येथे दीड मिलिमीटरात तिचे दर्शन घडते. वॉशर विसरला तर आकाशात त्याचे विमान दर क्षणी डावीकडे ओढ घेते आणि त्याच्या अंगठ्याला उसंत देत नाही.

त्यानंतर येतो तोल. पंखाच्या रुंदीचा पुढून पाव ते एक-तृतीयांश भाग सोडून जेथे रेषा येईल तेथे दोन बोटांवर विमान समतोल राहिले पाहिजे. शेपूट जड वाटले तर माउंटवर इंजिन सेंटिमीटरभर पुढे सरकवून पाहावे. भोके पाडण्यापूर्वी हे फुकट होते. भोके पाडल्यावर मात्र नाकात शिसे भरावे लागते, आणि ते ओझे विमानाला जन्मभर वाहावे लागते. इंधनाच्या टाकीचेही तसेच. तिची मध्यरेषा कार्बोरेटरमधील फवाऱ्याच्या पातळीत अथवा तिच्याखाली सेंटिमीटरच्या आत असावी. टाकी फार वर राहिली तर विमान जमिनीवर उभे असतानाच इंजिनात इंधन साचते. फार खाली राहिली तर नाक वर करताच इंजिनाचा घसा कोरडा पडतो. म्हणजे टाकीची जागा इंजिनावर, इंजिनाची माउंटवर, माउंटची फळीवर आणि साऱ्या विमानाचा तोल या सर्वांवर अवलंबून. एक गोष्ट हलविली की तिच्याबरोबर दुसऱ्या चार हलतात, हे ज्ञान पुस्तकातून होत नाही.

मोठ्या विमानांच्या इतिहासातही हीच साक्ष मिळते. १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंचे विमान बारा सेकंद हवेत राहिले व १२० फूट गेले, हे आपण सारे जाणतो. त्यांचे इंजिन त्यांच्याच सायकलच्या दुकानातील चार्ल्स टेलर या कारागिराने सुमारे सहा आठवड्यांत घडविले होते. परंतु इंजिन मिळाले म्हणून काम संपले नाही. ते खालच्या पंखावर मध्यरेषेच्या उजवीकडे बसवावे लागले, वैमानिक डावीकडे पालथा पडे आणि इंजिन त्याच्याहून जड होते. म्हणून त्या बंधूंनी उजवा पंख डाव्याहून सुमारे चार इंच लांब ठेवला. इंजिन कोठे बसणार हे ठरल्यावरच त्यांनी पंखांचे माप ठरविले, यातच त्यांची थोरवी आहे.

दुसरी साक्ष दुःखद आहे. २५ मे १९७९ रोजी शिकागोच्या विमानतळावरून एक डीसी-१० विमान उड्डाण करीत असता त्याच्या डाव्या पंखाखालचे इंजिन आपल्या आधारासह निखळले. विमान कोसळले आणि जमिनीवरील दोघांसह २७३ माणसे प्राणास मुकली. चौकशीअंती दोष जोडात सापडला. सुमारे आठ आठवड्यांपूर्वी देखभालीच्या वेळी इंजिन आणि त्याचा आधार वेगवेगळे उतरविण्याऐवजी, वेळ वाचावा म्हणून, दोन्ही एकत्रच फोर्कलिफ्टवर तोलून काढली व बसविली गेली होती. त्या खटाटोपात जोडाच्या धातूला तडा गेला, तो कोणाच्या दृष्टीस पडला नाही, आणि दर उड्डाणागणिक वाढत गेला. इंजिन बसविण्याच्या कामात वाचविलेला वेळ कधी कधी फार महाग पडतो.

परोपदेशे पांडित्य सोपे असते. म्हणून आता माझ्या स्वतःच्या चुकीची कथा सांगणे मला प्राप्त आहे.

पुण्यास महाविद्यालयात असताना मी राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत विमानांच्या प्रतिकृती करावयास शिकलो. रेडिओ आम्हांस कोठला! दोन पोलादी तारांच्या टोकाला बांधलेले विमान आपल्याभोवती गोल फिरवावयाचे. लहानसे डिझेल इंजिन. ईथर, रॉकेल व एरंडेल यांचे मिश्रण हे त्याचे इंधन. त्या वासाची आठवण आजही ताजी आहे. आम्हांस शिकविणारे गृहस्थ उड्डाणापूर्वी विमान धडाला धरीत नसत. ते इंजिन मुठीत धरीत आणि सारे विमान गदगदा हलवीत. काही खुळखुळले की विमान परत टेबलावर. माझे विमान त्यांनी एका दुपारी तीनदा परत पाठविले. तिसऱ्या वेळी माझ्या डोळ्यांत पाणी आले होते. चौथ्या वेळी विमान उडाले.

हे सारे ठाऊक असताना, काही वर्षांपूर्वी येथे इंग्लंडमध्ये, मी काय करावे? माझ्या बारा वर्षांच्या नातीसाठी एक जुने विमान घेतले. त्याचा माउंट फळीवर बोल्टांनी नव्हे, तर साध्या लाकडी स्क्रूंनी बसविलेला होता. योग्य पद्धत अशी की, फळीच्या मागील बाजूस दाते असलेले नट रुतवून ठेवावे व पुढून बोल्ट त्यांत आवळावे. म्हणजे ओढ लाकडाच्या आट्यांवर न येता साऱ्या जाडीवर येते. शिवाय फळीला इपॉक्सीचा हात द्यावा, म्हणजे इंधन व तेल लाकडात मुरत नाही. मला हे दिसत होते. परंतु नट बसवावयाचे तर टाकी काढावी लागली असती आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या परिचित कुटुंबांची मैदानावर सहल ठरली होती. मी स्क्रू आवळून पाहिले, ते आवळले गेले आणि मी स्वतःची समजूत घातली.

तिसऱ्या उड्डाणात, पूर्ण वेगात असताना, विमान वर चढविले आणि इंजिन निखळले. नाकाचे वजन गेल्याबरोबर शेपूट जड झालेले ते विमान माझ्या कोणत्याच आज्ञेला जुमानेना. कोलांट्या खात ते जवाच्या शेतात पडले. त्याकडे पाहण्यास मला सवड नव्हती. माझे डोळे इंजिन शोधीत होते. ते मैदानाच्या कडेला, मुले सतरंजीवर बसली होती तेथून वीस पावलांवर गवतात रुतले. कोणास इजा झाली नाही. कोणी मला बोलही लावला नाही. उलट “असे व्हायचेच” म्हणून सर्वांनी धीर दिला. परंतु ती वीस पावले मी आजवर अनेकदा मनात मोजली आहेत.

नातीने मोडके नाक उचलून न्याहाळले. “आजोबा, स्क्रूची भोकं बघा ना. लाकूड नुसतं भिजलेल्या बिस्किटासारखं झालंय,” ती म्हणाली, आणि क्षणभराने तिने विचारले, “तुम्ही काल हे ओढून बघितलं नव्हतं का?”

मी ओढून पाहिले नव्हते. पुण्यास शिकलेला पहिला धडा मी एका सहलीसाठी विसरलो होतो. तिला खरे ते सांगितले.

तो हिवाळा आम्ही दोघांनी नवी फळी बसविण्यात घालविला. गुण्या लावून तिने रेषा आखल्या. पहिले भोक दोन मिलिमीटर चुकले. ते लाकडी खुंटीने बुजवून तिने पुन्हा पाडले. वॉशर का घालावयाचे हे तिने मला तीनदा विचारले, आणि तिसऱ्यांदा विचारताना तिला माझ्या उत्तरातील चूक सापडली. वसंतात विमान उडाले तेव्हा ते उंच गेल्याचे तिला फारसे अप्रूप वाटले नाही. उतरल्यावर तिने प्रथम इंजिन धरून हलवून पाहिले. तो क्षण मला उड्डाणाहून अधिक मोलाचा वाटला.

या अनुभवावरून मी जे मत बनविले आहे त्यावर काही आक्षेप घेतले जातील, व ते निराधार नाहीत. पहिला असा की, मुलांना धीर नसतो. पहिल्याच दिवशी विमान उडाले नाही तर ती दुसऱ्या दिवशी येणार नाहीत. हे खरे आहे. म्हणूनच पहिल्या दिवशी त्यांना तयार विमान अवश्य उडवू द्यावे. गुरू व शिष्य या दोघांच्या हाती जोडलेले नियंत्रक देण्याची सोय आता सर्वत्र आहे, आणि शिष्य गोंधळताच गुरूला विमान आपल्या ताब्यात घेता येते. माझा आग्रह एवढाच की, एकट्याने उडविण्याचा अधिकार मात्र टेबलावरील कामानंतर मिळावा.

दुसरा आक्षेप असा की, हल्ली विमाने विजेवर चालतात. तेल नाही, धूर नाही, पिस्टनही नाही, मग या साऱ्या जुन्या शास्त्राचे प्रयोजन काय? विजेची मोटर स्वच्छ व शांत आहे हे मला मान्य आहे आणि वर्गासाठी मीही तीच सुचवीन. परंतु तिलाही फळी लागते, तिलाही उजवीकडे व खाली झुकवावे लागते, आणि पंख्याचा तोल बिघडलेला असेल तर तीही आपले स्क्रू सैल करते. किंबहुना तिची एक नवीच खोड आहे. बसविण्याचे स्क्रू लांबीला जरा जास्त झाले तर ते आत तांब्याच्या वेटोळ्यांना जाऊन भिडतात आणि मोटर जळते. स्क्रू मापून घ्यावा, हा धडा काही जुना झालेला नाही.

तिसरा आक्षेप कायद्याचा. या देशात २०१९ च्या नोव्हेंबर महिन्यापासून पाव किलो किंवा त्याहून अधिक वजनाचे विमान उडविणाऱ्यास नोंदणी व परीक्षा सक्तीची झाली. मग मंडळाने आणखी आपले नियम का करावे? ती परीक्षा आवश्यकच आहे. माणसांपासून किती दूर राहावे, किती उंच जावे, हे ती शिकविते. परंतु कागदावरील प्रश्नांची उत्तरे बरोबर आली म्हणून सैल झालेला बोल्ट आपोआप आवळला जात नाही. तो हातानेच आवळावा लागतो.

आता सूचनेविषयी. सहा तयार विमानांऐवजी दोनच घ्यावीत. उरलेल्या पैशांत बर्चचे प्लायवुड, माउंट, बोल्ट व नट, दोन चांगली ड्रिले, आटे पाडण्याचे टॅप, कानशी, गुण्ये आणि इपॉक्सी घ्यावे. दोन-दोन मुलांची जोडी करावी. एकाने बसवावे व दुसऱ्याने तपासावे. मग कामे बदलावी. आपली चूक आपल्या डोळ्यांस दिसत नाही, मित्राच्या डोळ्यांस दिसते. सभागृहाच्या मागील खोलीत तीन संध्याकाळी पुरेशा आहेत. ड्रिलपाशी प्रत्येक वेळी एक प्रौढ माणूस उभा राहावा, आणि चालू पंख्याच्या रेषेत कोणी उभे राहू नये, हे दोन नियम भिंतीवर लावावेत.

तो प्रौढ माणूस कोठून आणावा, असे कोणी विचारील. आपल्या मंडळात कारखान्यांतून निवृत्त झालेले फिटर आहेत, टर्नर आहेत, मोटारी दुरुस्त करण्यात आयुष्य घालविलेली माणसे आहेत. उत्सवात ती शेवटच्या रांगेत बसतात, खुर्च्या उचलावयाच्या वेळी तेवढी त्यांची आठवण होते. मुलांना सुट्या बोल्टाला हात लावताना पाहून त्यांचे हात आपोआप पुढे येतील, असा मला विश्वास आहे. आणि आमच्या मराठी वर्गातील मुलांना कविता पाठ येतात. पण कानस, पाना, आटे, गुण्या हे शब्द त्यांनी ऐकलेलेही नसतात. हे शब्द फळ्यावर लिहून येत नाहीत. “तो पाना दे रे इकडे,” असे कोणी म्हटले म्हणजेच ते येतात.

मुलांनी उडावे ही इच्छा कोणत्या आईबापांस नसते? त्यांच्या हाती वेग व सामर्थ्य देण्याची घाई आपणांस झालेली आहे, आणि ते सामर्थ्य कशावर टेकले आहे हे पाहण्यास मात्र सवड नाही. मलाही एका दिवशी ती सवड नव्हती. कार्यकारिणीने निर्णय घेण्यापूर्वी या लेखाचा विचार करावा, अशी विनंती आहे. वर्ग सुरू झाल्यास पहिल्या संध्याकाळी माझी कानस व गुण्या घेऊन मी वेळेवर हजर राहीन.